एचएमआयचा नेव्हिगेशन मेनू: कागदावरच्या आराखड्यापासून कम्फर्ट पॅनेलपर्यंत

पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, प्रोग्रॅम झालेला असतो, एचएमआयच्या, म्हणजे ऑपरेटरच्या टचस्क्रीन पॅनेलच्या, स्क्रीन काढून झालेल्या असतात, पॅनेल उद्या गाडीत चढवायचं असतं, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की एका स्क्रीनवरून दुसरीवर जायची बटणं टाकायची राहिली. चाकणपासून वाळूजपर्यंत पॅनेल बिल्डरच्या शेडमध्ये बरेचसे मेनू असेच जन्माला येतात. जिथं कोपरा मोकळा दिसेल तिथं बटण. पाश्चरायझरच्या स्क्रीनवर 'होम' खाली डावीकडे, सीआयपीच्या (यंत्रणा न उघडता आतून धुण्याच्या) स्क्रीनवर तेच वर उजवीकडे, आणि अलार्मच्या पानावरून परत यायला वाटच नाही. ऑपरेटर आठवड्याभरात हे सगळं पाठ करून टाकतो, म्हणून तक्रार येत नाही. ती येते प्लँट ट्रिप होऊन बंद पडल्यावर, जेव्हा अलार्म वाजलेला असतो आणि तो व्हॉल्व्ह नेमका कुठल्या पानावर आहे ते सापडत नसतं.

इथे मी सीमेन्सच्या टीआयए पोर्टल या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमधलं विनसीसी कम्फर्ट, म्हणजे पॅनेलच्या स्क्रीन बनवायचा भाग, धरून चाललो आहे. उदाहरण एका मध्यम आकाराच्या दूध प्लँटचं घेऊ: एस७-१५०० पीएलसी आणि त्याला जोडलेलं टीपी१२०० कम्फर्ट पॅनेल. दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी शेवटी थोडं आहे, पण तिथंही विचार हाच लागतो. मेनू ऑपरेटरच्या कामावरून ठरवायचा आणि सॉफ्टवेअरमध्ये तो एकाच जागी बांधायचा.

आधी कागद

टीआयए पोर्टल उघडण्याआधी पी अँड आयडी (प्लँटमधल्या पाइप आणि उपकरणांचा आराखडा) आणि एक कोरा कागद घेऊन शिफ्ट इन्चार्जजवळ अर्धा तास बसा. 'तुम्हाला कुठल्या स्क्रीन हव्यात?' असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी 'मागच्या मशीनवर होत्या तशाच' असं येतं. विचारायचं ते कामाबद्दल: पाळी सुरू झाली की पहिल्यांदा काय बघता? टँकर आला की काय काय करता? पाश्चरायझर डायव्हर्टला गेला तर कारण शोधायला कुठे कुठे जाता?

शेवटचा प्रश्न सोन्यासारखा. एचटीएसटी, म्हणजे जास्त तापमान-कमी वेळ पद्धतीच्या, पाश्चरायझरमध्ये दूध ७२ अंश सेल्सिअसला निदान १५ सेकंद धरावं लागतं. होल्डिंग ट्यूबच्या टोकाला तापमान घसरलं की फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह दूध परत बॅलन्स टँककडे वळवतो. आता कारण शोधायचं, तर ऑपरेटरला चार गोष्टी लागतात: होल्डिंग ट्यूबचं तापमान, गरम पाण्याचं तापमान, स्टीम व्हॉल्व्ह किती टक्के उघडा आहे, आणि बॉयलरचा स्टीम प्रेशर. यातली चौथी गोष्ट युटिलिटीच्या विभागात असते. म्हणजे तुमचा आराखडा कितीही नीटनेटका असो, पाश्चरायझरच्या पानावरून बॉयलरच्या पानावर थेट जायला एक आडवाट ठेवावीच लागणार. त्याहून बरं म्हणजे स्टीम प्रेशरचा आकडा पाश्चरायझरच्याच पानावर छोट्या अक्षरात दाखवणं.

सोबत लागणारे आकडे वेगवेगळ्या पानांवर असणं किती महाग पडू शकतं याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटीतल्या बीपीच्या रिफायनरीत स्फोट झाला. १५ जण मृत्युमुखी पडले, १८० जखमी झाले. कारणं बरीच होती. लेव्हल ट्रान्समीटर चुकीचं वाचत होता, हाय लेव्हलचा एक अलार्म वाजलाच नाही. पण तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासात आणखी एक गोष्ट नोंदली गेली: टॉवरमध्ये किती द्रव जातोय हे एका स्क्रीनवर होतं आणि किती बाहेर पडतोय हे दुसऱ्या. दोन्ही आकडे एकत्र दिसले असते, तर टॉवर नुसता भरत चाललाय हे समजायला एक नजर पुरली असती. अशी चूक मेनूने दुरुस्त होत नाही. जे सोबत लागतं ते आधी एका पानावर आणायचं, आणि मगच पानं एकमेकांना जोडायची.

पातळ्या आणि आकडे

२०१५ साली आलेल्या एचएमआयच्या आयएसए-१०१ या मानकात स्क्रीनच्या चार पातळ्या सांगितल्या आहेत. पहिली संपूर्ण प्लँटचा आढावा, दुसरी एकेका युनिटचं रोजचं चालवणं, तिसरी एखाद्या उपकरणाचा तपशील, चौथी निदान आणि मदतीची पानं. आपल्या दूध प्लँटला हे असं बसतं:

१०० – आढावा
२०० – आरएमआरडी, म्हणजे कच्च्या दुधाची स्वीकृती
३०० – पाश्चरायझर
४०० – सायलो आणि साठवण
५०० – सीआयपी
६०० – युटिलिटी: बॉयलर, चिल्ड वॉटर, एअर कॉम्प्रेसर
७०० – ट्रेंड, म्हणजे मोजमापांचे आलेख
८०० – अलार्म
९०० – सेटिंग, युजर, पॅनेलचं निदान

या शतकांच्या आत पोटपानं येतात. ३१० पाश्चरायझरचं मुख्य पान, ३२० तापमान नियंत्रण, ३३० होल्डिंग ट्यूब आणि डायव्हर्जन, ३४० होमोजिनायझर, ३५० इंटरलॉक, म्हणजे अटी पूर्ण नसतील तर उपकरण चालू न देणारी अडवणूक. मध्ये दहा-दहाची जागा मुद्दाम सोडायची. सहा महिन्यांनी मालक क्रीम सेपरेटर घेणारच, तेव्हा ३४५ नंबर मोकळा हवा.

हे आकडे नुसते शिस्तीसाठी नाहीत. टीआयए पोर्टलमध्ये प्रत्येक स्क्रीनला नाव असतं तसा क्रमांकही असतो. स्क्रीन निवडून प्रॉपर्टीजमधल्या जनरलमध्ये तो बदलता येतो. तुम्ही काही केलं नाही तर सॉफ्टवेअर १, २, ३ असे क्रमांक देत जातं. शतकांची पद्धत इथे आत्ताच लावली, की पुढे मेनूतलं चालू बटण उजळवायचं काम फुकटात होतं. ते पुढे येईलच.

नावांच्या बाबतीत बटणावर तेच लिहा जे लोक शॉपफ्लोअरवर बोलतात. 'रॉ मिल्क रिसेप्शन सिस्टिम' असं कुणी म्हणत नाही, 'आरएमआरडी'च म्हणतात. टाकीला सगळे 'मोठा सायलो' म्हणत असतील आणि बटणावर 'टी-४०२' असेल, तर नवीन माणूस दोन्हीत फसतो. टॅग नंबर टाकायचाच असेल तर नावाखाली बारीक अक्षरात.

जागेची वाटणी

टीपी१२००चा पडदा १२.१ इंची, १२८० बाय ८०० पिक्सेलचा. म्हणजे साधारण एका मिलिमीटरला ४.९ पिक्सेल. ओल्या हाताने किंवा रबरी मोजे घालून दाबायचं बटण मला १५ मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही, म्हणजे सुमारे ७४ पिक्सेल. सात इंची टीपी७००वर ८०० बाय ४८० पिक्सेल असतात आणि मिलिमीटरला सव्वापाच पडतात, तिथं तेच बटण ७९ पिक्सेलचं करावं लागतं. इंजिनिअर २४ इंची मॉनिटरवर माऊसने बटणं आखतो आणि तिथं सगळंच ऐसपैस दिसतं. म्हणून पिक्सेलवर विसंबू नका, पट्टी घेऊन मिलिमीटर मोजा.

आता खरा निर्णय. मुख्य मेनू, म्हणजे विभागांची बटणं, सगळ्या पानांवर सारखी हवीत. पोटमेनू विभागानुसार बदलायला हवा. विनसीसी कम्फर्टमध्ये एका स्क्रीनला एकच टेम्प्लेट, म्हणजे अनेक स्क्रीनमागे बसणारा सामायिक साचा, लागतं. दोन्ही मेनू टेम्प्लेटमध्ये घातले, तर प्रत्येक विभागाच्या टेम्प्लेटमध्ये मुख्य मेनूची वेगळी प्रत होते, आणि एक बटण वाढलं की ते पाच-सहा ठिकाणी वाढवावं लागतं. त्यातलं एक ठिकाण हमखास राहतं.

यातून सुटका करतो तो परमनंट एरिया. कोणतीही स्क्रीन उघडा, तिच्या वरच्या कडेवर माऊस नेऊन कड खाली ओढा. जो पट्टा तयार होतो तो सगळ्या स्क्रीनवर जसाच्या तसा दिसतो आणि कुठूनही बदलला तरी सगळीकडे बदलतो. त्याच्या उंचीइतकी जागा खालच्या स्क्रीनमधून कमी होते. म्हणून हे काम चित्रं काढण्याआधी करा, नंतर केलंत तर सगळं मिमिक, म्हणजे प्लँटचं चित्र, पुन्हा बसवावं लागतं.

तर वाटणी अशी: वर १२० पिक्सेलचा परमनंट एरिया. त्यातली पहिली ४४ पिक्सेलची ओळ प्लँटचं नाव, लॉग इन केलेला युजर आणि घड्याळासाठी. तिच्याखाली ७६ पिक्सेलची मुख्य मेनूची ओळ, १६० पिक्सेलची आठ बटणं: आढावा, आरएमआरडी, पाश्चरायझर, सायलो, सीआयपी, युटिलिटी, ट्रेंड, अलार्म. सेटिंगला मेनूत जागा नाही. तिथं ऑपरेटर रोज जात नाही, वरच्या ओळीत युजरच्या नावाशेजारी छोटं बटण पुरतं. तळाला ७६ पिक्सेलचा पोटमेनू, तो टेम्प्लेटमधून येईल. मध्ये चित्रासाठी १२८० बाय ६०४ उरतात.

प्रत्यक्ष बांधणी

पहिल्यांदा सगळ्या स्क्रीन रिकाम्या तयार करा, नाव आणि क्रमांक देऊन. आतलं चित्र नंतर. रिकाम्या स्क्रीन असल्या की मेनू पूर्ण जोडून, सिम्युलेशनमध्ये चालवून, ऑपरेटरला दाखवता येतो, तोही चित्रांवर एक दिवसही न घालवता. या टप्प्यावर 'इकडून तिकडे थेट जायला पाहिजे' असं ऐकायला मिळालं तर ते दोन मिनिटांचं काम असतं.

आढाव्याच्या स्क्रीनवर राइट क्लिक करून तिला स्टार्ट स्क्रीन ठरवा. रनटाइम सेटिंगमधल्या जनरलमध्येही हे करता येतं.

मग परमनंट एरियातली बटणं. टूलबॉक्समधून एक बटण आणा, त्याचं माप आणि फॉन्ट पक्कं करा, मगच त्याच्या सात प्रती काढा. प्रत्येकाच्या इव्हेंट्समध्ये क्लिक या इव्हेंटवर 'ॲक्टिव्हेटस्क्रीन' हे सिस्टिम फंक्शन लावा आणि स्क्रीनचं नाव निवडा. दुसरं पॅरामीटर ऑब्जेक्ट नंबरचं असतं, ते शून्यच ठेवा. घाई असेल तर प्रोजेक्ट ट्रीमधली स्क्रीन ओढून उघड्या स्क्रीनवर सोडा, बटण आणि त्यामागचं फंक्शन आपोआप तयार होतं. ते प्रयोगासाठी ठीक, पण माप आणि रूप तुम्हालाच जुळवावं लागतं.

क्लिक हा इव्हेंट मी मुद्दाम सांगतोय, प्रेस नव्हे. क्लिक बोट उचलल्यावर लागू होतो, त्यामुळे चुकीच्या बटणावर बोट पडलं तर ते बाजूला सरकवून सुटता येतं. प्रेसवर पान बदललं की बोट अजून काचेवर असतं आणि त्याखाली नवीन पानाचं भलतंच बटण येऊन उभं राहतं. याच कारणाने पान बदलणाऱ्या बटणावर जॉगसारखं, दाबून धरायचं काम कधी ठेवू नका. हात सुटण्याआधीच बटण पडद्यावरून गेलेलं असतं, आणि बिट शून्य होण्याची खात्री राहत नाही. त्याहूनही सोपा नियम म्हणजे मेनूतलं कुठलंही बटण मशीनला काही करायला लावत नाही. मेनू आणि कमांड यांचा रंग, आकार, जागा सगळं वेगळं. ऑपरेटर मेनूत निर्धास्त फिरू शकला पाहिजे.

'ॲक्टिव्हेटस्क्रीनबायनंबर' हेही फंक्शन आहे, पण ते गरज असेल तिथंच. नावाने जोडलेली स्क्रीन तुम्ही नाव बदललं तरी जोडलेली राहते, आणि डिलीट केली तर कम्पाइल करताना चूक दिसते. नंबर मात्र नुसता आकडा असतो. ३४० नंबरची स्क्रीन उडवली तरी कम्पाइल गुपचूप पार पडतं आणि गाडी अडते ती साइटवर.

आता टेम्प्लेट. स्क्रीन मॅनेजमेंटमधल्या टेम्प्लेट्समध्ये विभागागणिक एक टेम्प्लेट बनवा. पाश्चरायझरच्या टेम्प्लेटमध्ये तळाला ३१० ते ३५० ची पाच बटणं, आणि उजव्या टोकाला 'मागे'. मग ३०० च्या घरातल्या प्रत्येक स्क्रीनच्या प्रॉपर्टीजमध्ये हे टेम्प्लेट निवडा. आढावा, ट्रेंड आणि अलार्म यांना पोटमेनू नाही, त्यांना साधं टेम्प्लेट द्या ज्यात फक्त 'मागे' आहे.

एक खाच. टेम्प्लेटमधल्या वस्तू स्क्रीनमधल्या वस्तूंच्या मागे राहतात. कुणी पार्श्वभूमीसाठी स्क्रीनभर राखाडी चौकोन टाकला, की तळाचा पोटमेनू त्याच्याखाली गडप. पार्श्वभूमीचा रंग स्क्रीनच्या स्वतःच्या बॅकग्राउंड प्रॉपर्टीतून द्या, चौकोन काढून नव्हे.

'मागे'साठी 'ॲक्टिव्हेटप्रीव्हियसस्क्रीन' फंक्शन आहे. पॅनेल शेवटच्या १० स्क्रीन लक्षात ठेवतं. इथे एक गोंधळ होतो: 'मागे' म्हणजे जिथून आलो तिथं, 'वर' म्हणजे आराखड्यात एक पातळी वर. अलार्मच्या पानावरून ३३० वर उडी मारलेल्या ऑपरेटरला 'मागे' अलार्मवर नेईल, तर 'वर' ३१० वर नेईल. दोन्ही कामाचे आहेत, पण एकाच बाणाच्या चित्राने दाखवले तर कोणता काय करतो हे कुणालाच सांगता येत नाही. पोटमेनू कायम दिसत असेल तर 'वर'ची गरजच उरत नाही. मी फक्त 'मागे' ठेवतो.

चालू पान उजळवणं

परमनंट एरिया आणि टेम्प्लेट सगळ्या पानांवर सारखेच असल्यामुळे बटणाला स्वतःहून कळत नाही की आपण आत्ता कुठल्या पानावर आहोत. त्यासाठी एचएमआय टॅग्जमध्ये, म्हणजे पॅनेलच्या व्हेरिएबलमध्ये, 'करंट_स्क्रीन' नावाचा एक इंट (पूर्णांकाचा) टॅग बनवा, इंटर्नल टॅग म्हणून, म्हणजे तो पीएलसीला जोडायचा नाही. मग प्रत्येक स्क्रीनच्या लोडेड इव्हेंटवर 'सेटटॅग' फंक्शन लावून तिचा क्रमांक त्यात लिहा. ३२० च्या स्क्रीनवर ३२०.

आता मुख्य मेनूतल्या पाश्चरायझरच्या बटणाला ॲनिमेशन्समधून अपिअरन्स द्या, टॅग 'करंट_स्क्रीन', आणि रेंज ३०० ते ३९९ असताना पार्श्वभूमी गडद. पोटमेनूतल्या बटणाला हाच टॅग, पण रेंज नेमकी ३२०. एकाच टॅगवर दोन्ही पातळ्या उजळतात. क्रमांक शतकांत दिल्याचा फायदा हा असा वसूल होतो.

रंग हिरवा वापरू नका. बऱ्याच प्लँटमध्ये हिरवा म्हणजे मोटर चालू. लाल, पिवळा अलार्मसाठी राखलेले. चालू पानासाठी गडद राखाडी आणि पांढरी अक्षरं, बाकीच्यांसाठी फिकट राखाडी, एवढं पुरतं.

पीएलसीलाही ऑपरेटर कुठल्या पानावर आहे हे कळायला हवं असेल, तर 'स्क्रीन नंबर' नावाचा एरिया पॉइंटर, म्हणजे पॅनेल आणि पीएलसी यांच्यातली सामायिक मेमरी, आहे. कनेक्शन्स एडिटरमध्ये तो चालू करून पाच शब्दांची (वर्ड, म्हणजे १६ बिटांचा एक) जागा द्यायची. पहिल्या शब्दात स्क्रीनचा प्रकार येतो, दुसऱ्यात क्रमांक. नुसतं बटण उजळवायला याची गरज नाही.

उलट दिशेचाही रस्ता आहे. जॉब मेलबॉक्स हा चार शब्दांचा एरिया पॉइंटर. त्यात आधी पॅरामीटर भरून मग पहिल्या शब्दात ५१ लिहिलं, की पीएलसी पॅनेलवरची स्क्रीन बदलू शकते. पॅनेलने काम स्वीकारलं की पहिला शब्द पुन्हा शून्य होतो. सोय आकर्षक आहे आणि म्हणूनच धोक्याची. ऑपरेटर सेटपॉइंट भरत असताना पान हातातून ओढून घेणारं पॅनेल कुणालाच आवडत नाही. सीआयपी संपल्यावर अहवालाचं पान आपोआप दाखवणं, एवढ्यासारख्या शांत प्रसंगी वापरा. अलार्म आला म्हणून पान बदलायला तर नकोच.

मेनूने बोट दाखवावं

अलार्मसाठी त्याहून चांगला उपाय म्हणजे मेनूतच खूण ठेवणं. पीएलसीत विभागवार एक बिट बनवा, त्या विभागात तातडीचा अलार्म असेल तर एक. मग त्या विभागाच्या बटणाच्या कोपऱ्यात एक लहान चौकोन ठेवून व्हिजिबिलिटी या बिटाला बांधा. ऑपरेटर सायलोच्या पानावर असताना सीआयपीच्या बटणावर लाल खूण दिसली, की त्याला पाऊल कुठे टाकायचं ते समजतं. पान बदलायचं की नाही हे तोच ठरवतो.

फक्त तातडीचे अलार्म. किरकोळ सूचनांनाही खूण दिली तर दिवसभर सगळीच बटणं लाल राहतील आणि तिसऱ्या दिवशी कुणी बघणार नाही. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफोर्ड हेवन इथं टेक्साकोच्या रिफायनरीत स्फोट झाला. त्याआधीच्या ११ मिनिटांत ऑपरेटरना २७५ अलार्म आले होते, आणि प्लँटचं एकत्रित चित्र दाखवणारी स्क्रीन नव्हती, असं ब्रिटिश सुरक्षा यंत्रणेच्या अहवालात आहे. आढाव्याच्या पानावर मी जो जोर देतो तो यासाठी. मुख्य मेनूतलं पहिलं बटण तेच, आणि ते कुठल्याही पानावरून एका दाबात.

परमनंट एरिया सतत दिसत असतो, म्हणून त्यातले टॅगही पॅनेल सतत वाचत राहतं. विभागांचे हे बिट एका शब्दात बसवा आणि ॲक्विझिशन सायकल, म्हणजे वाचण्याचं अंतर, एक सेकंद ठेवा. १०० मिलिसेकंदांची काहीच गरज नाही.

अलार्मवरून थेट योग्य पानावर जाण्यासाठी डिस्क्रीट (बिटावर चालणाऱ्या) अलार्मच्या इव्हेंट्समध्ये 'लूप-इन-अलार्म' आहे. तिथं 'ॲक्टिव्हेटस्क्रीन' लावून ३३० निवडा. ऑपरेटर अलार्मच्या यादीत ओळ निवडून लूप-इन-अलार्मचं बटण दाबतो आणि होल्डिंग ट्यूबच्या पानावर पोचतो. एक गोष्ट ऑपरेटरला आधी सांगून ठेवा: अलार्म ॲकनॉलेज केलेला, म्हणजे 'पाहिला' अशी नोंद केलेला, नसेल तर असं केल्याने तो आपोआप ॲकनॉलेज होतो. हे ऑपरेटरना एरवी कळत नाही आणि नंतर 'मी तर दाबलंच नाही' असे वाद होतात.

सरकते पडदे आणि पॉपअप

कम्फर्ट पॅनेलवर स्लाइड-इन स्क्रीन मिळतात, चार कडांसाठी चार. स्क्रीन मॅनेजमेंटमध्ये त्या तयारच असतात, फक्त चालू कराव्या लागतात. क्वचित लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे छापायचा अहवाल, पडदा पुसण्याचा मोड, भाषा बदलणं, डावीकडच्या स्लाइड-इनमध्ये टाकता येतात. तिच्यातून पान बदलणाऱ्या बटणावर 'ॲक्टिव्हेटस्क्रीन'च्या जोडीला 'शोस्लाइडइनस्क्रीन' फंक्शन ऑफ मोडमध्ये लावा, म्हणजे मेनू मागे उघडा राहणार नाही.

मुख्य मेनू मात्र स्लाइड-इनमध्ये लपवू नका. मोबाइलवर तीन रेघांमागे मेनू दडवलेला चालतो, कारण तिथं घाई नसते. कंट्रोल पॅनेलवर दडलेलं बटण नेमकं गरजेच्या वेळी आठवत नाही.

मोटर किंवा व्हॉल्व्हच्या तपशिलासाठी पॉपअप स्क्रीन चांगल्या. पंपाच्या चित्रावर बोट ठेवलं की 'शोपॉपअपस्क्रीन', तिथंच सुरू-बंद आणि इंटरलॉकची यादी. यामुळे तिसऱ्या पातळीची निम्मी पानं वाचतात. पॉपअप कुठे उघडायचं ते एक्स, वाय देऊन ठरवता येतं. ज्या पंपावर दाबलं तो झाकला जाणार नाही अशी जागा द्या.

कोणाला काय उघडं

सेटिंग आणि पीआयडी ट्यूनिंगच्या (आपोआप नियंत्रणाचे आकडे जुळवण्याच्या) पानांना कुलूप हवं. युजर ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये ग्रुप आणि ऑथोरायझेशन बनवून, बटणाच्या प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटीत ते निवडा. अधिकार नसलेल्याने बटण दाबलं की लॉग इनची खिडकी येते. वेळेनंतर आपोआप लॉग ऑफ होण्याची सोय युजरनिहाय असते आणि मूळ सेटिंग पाच मिनिटांचं आहे. मेंटेनन्सच्या माणसाला ते कमी पडतं, वाढवून द्या, नाहीतर तो पासवर्ड पॅनेलच्या दाराला चिकटवून ठेवेल.

मात्र बघायला कुणालाही आडकाठी नको. ऑपरेटरला तापमान नियंत्रणाचं पान दिसू द्या, आत आकडे बदलण्याला कुलूप घाला. न दिसणाऱ्या पानाचा अंदाज बांधून तो प्लँट चालवतो, ते जास्त वाईट.

चाचणी

सिम्युलेशन चालू करून प्रत्येक बटण दाबणं हे झालंच पाहिजे. त्यासाठी एक तक्ता करा, आडव्या ओळीत स्क्रीन, उभ्या ओळीत बटणं. त्याआधी प्रत्येक स्क्रीनवर राइट क्लिक करून क्रॉस-रेफरन्स, म्हणजे ती कुठे कुठे वापरली आहे त्याची यादी, बघा. जिथं कुठूनच कुणी येत नाही ती अनाथ स्क्रीन सापडते, आणि डुप्लिकेट टेम्प्लेटही. मग 'सॉफ्टवेअर रीबिल्ड ऑल' करून कम्पाइल, बदललेल्यापुरतं नव्हे.

पण खरी चाचणी कामांची. शिफ्ट इन्चार्जशी बोलताना जी कामं लिहून घेतली होती ती ऑपरेटरसमोर ठेवा आणि काही न सांगता गप्प उभे राहा. 'पाश्चरायझर डायव्हर्टला गेलाय, कारण शोधा.' 'सायलो दोनची सीआयपी लावा.' तो कुठे थबकतो, कुठे चुकीचं बटण दाबून परत येतो, ते लिहा. तीन दाबांत सगळं मिळालं पाहिजे असा एक नियम सांगितला जातो. मला तो फारसा पटत नाही. चार दाब झाले आणि प्रत्येक वेळी पुढचं पाऊल उघड होतं, तर काही बिघडत नाही. दोनच दाब होते पण पहिल्यालाच तो दहा सेकंद विचारात पडला, तर मेनूतला शब्द चुकलाय.

ही चाचणी प्रत्यक्ष पॅनेलवर, बसवणार त्याच उंचीवर आणि मोजे घालून घ्या. खाली लावलेल्या पॅनेलवर तळाची बटणं वाकून दाबावी लागतात, उंच लावलेल्यावर वरच्या ओळीतला बारीक मजकूर वाचता येत नाही.

दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

सीमेन्सच्याच नव्या विनसीसी युनिफाइडमध्ये कम्फर्टसारखे टेम्प्लेट आणि परमनंट एरिया नाहीत. तिथं एक मूळ स्क्रीन बनवून तिच्यात स्क्रीन विंडो ठेवायच्या. मेनू मूळ स्क्रीनवर राहतो आणि 'चेंजस्क्रीन' फंक्शनला स्क्रीनच्या नावासोबत विंडोचा पाथ द्यायचा, म्हणजे फक्त मधला भाग बदलतो. पाथ द्यायचा राहिला तर मेनूसकट सगळंच पान जातं. जुना कम्फर्टचा प्रोजेक्ट युनिफाइडमध्ये नेताना ही मांडणी नव्याने करावी लागते, म्हणून कोटेशनमध्ये तेवढे तास धरा.

रॉकवेलच्या फॅक्टरीटॉक व्ह्यू मशीन एडिशनमध्ये 'गोटू डिस्प्ले' बटणं असतात. इग्निशन या सॉफ्टवेअरच्या पर्स्पेक्टिव्हमध्ये मेनू ट्री हा घटक एका डॉक केलेल्या व्ह्यूमध्ये ठेवला की तो सगळ्या पानांवर राहतो. काहीही असलं तरी प्रोजेक्ट सुरू करताना एकच गोष्ट शोधायची: या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या पानांवर एकदाच मांडायची जागा कोणती. ती सापडेपर्यंत पहिलं बटणही टाकू नका.

हस्तांतर करताना पॅनेलमधला बॅकअप, टीआयए पोर्टलचा आर्काइव्ह आणि क्रमांकांचा कागद, तिन्ही ग्राहकाच्या मेंटेनन्स विभागात ठेवा. त्या कागदाची एक लॅमिनेट केलेली प्रत कंट्रोल पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लावली, तर सेपरेटर बसवायला येणारा पुढचा इंजिनिअर त्याला ३४५ नंबरच देईल.